हुंकार

परिषदेचा दुसरा दिवस संपत आला होता. उच्च शिक्षणातलं तंत्रज्ञान असा विषय होता. सकाळी भरलेलं सभागृह दुपारनंतर ओस पडलं, कारण प्रमाणपत्रं हातात पडताच लोक बसस्टँडकडे निघाले होते. व्यासपीठावर अध्यक्षांचीही खुर्ची रिकामी होती. माझा निबंध शेवटचा, म्हणून मी थांबलो होतो.

माझ्याआधी तालुक्याच्या कॉलेजातल्या, निवृत्तीला आलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. माइक जवळ ओढून त्यांनी सवयीने विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?"

मागे कुणी नव्हतंच. मी तिसऱ्या रांगेतून हात वर केला.

त्या ऑनलाइन वर्गांबद्दल सांगत होत्या. मुलं कॅमेरे बंद ठेवायची, पडद्यावर नुसती नावं दिसायची. "एकदा तास संपला तरी एक नाव तसंच राहिलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काही विचारायचं असेल. किती वेळ मी 'बोल बाळा' म्हणत राहिले. झोपला असेल बहुतेक." आणि त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. साधी गोष्ट सांगणाऱ्यालाही समोरून हुंकार लागतो, नाहीतर आपलाच आवाज परका वाटू लागतो. मी मान हलवत राहिलो.

बोलणं संपवून बाई खाली उतरल्या. त्यांनी दाराजवळची आपली पिशवी उचलली. आता त्या जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

"बाई, तुमची गाडी चुकेल," मी म्हणालो.

"चुकू दे. घरी वाट बघणारं कुणी नाही. तुम्ही वाचा, सर."