ब्रेक तेवढे नवे बसवा

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक, गाव उमरी. नायक बालाजी ड्रायव्हर होता, जळकोटचा. एवढ्या लांब आपल्या भागातला माणूस भेटला की ओळख व्हायला वेळ लागत नाही. आमची पहिल्याच दिवशी झाली.

फौज सोडल्यावर मी लातूरला कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय अजून नाही, म्हणून जे घडलं ते सरळ क्रमानं सांगतो.

बालाजीकडे युनिटचा सगळ्यात जुना ट्रक होता. सकाळी रोल कॉल, मग मेंटेनन्स. तेल, पाणी, टायर आणि शेवटी एअर टँकचा ड्रेन कॉक. या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवेतलं पाणी टाकीत साठतं आणि टाकीखालचा हा कॉक उघडून ते रोज हातानं काढावं लागतं. न काढलं तर थंडीत पाइपात गोठतं आणि ब्रेकपर्यंत हवा पोहोचत नाही. नव्या ट्रकना हवा कोरडी करणारा एअर ड्रायर असतो, त्यामुळे ही कटकट राहत नाही.

युनिटचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, जवळ आला. साहेबांनी ठरवलं, हा ट्रक पाहुण्यांना दाखवायचा, अगदी मूळ रूपात. फौजेत पाहुणे येणार म्हटलं की रंगाचे डबे निघतात. दगड रंगतात, झाडांचे बुंधे रंगतात. ट्रक तर खालून-वरून दोनदा रंगवला. ड्रेन कॉकवर रंग इतका जाड बसला की तो जागचा हलेना.

"गाववाले, कॉक जाम झालाय," बालाजी म्हणाला. "नवरीला हळद फासावी तसा रंग फासलाय लेकाच्यांनी. आता पाणी कुठून काढू? दुसरा बसवून द्या."

मी खाली जाऊन पाहिलं. जोर लावला तर कॉक तुटणार होता आणि त्या नमुन्याचा दुसरा स्टोअरमध्ये नव्हता. मी साहेबांकडे गेलो. नव्या ट्रकचा कॉक आणि ड्रायर बसवायची परवानगी मागितली.

"ती ओरिजिनल गाडी आहे. काही बदलायचं नाही."

"सर, मग ती रोडवर काढू नये. मी गाडी अनफिट लिहून देतो."

"शोसाठी उभी राहील फक्त."

कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी ट्रकसोबत फोटो काढले. नंतर दुसरा एक ट्रक बंद पडला आणि साहेबांनी शोभेचा ट्रक कामाला लावला. मी पुन्हा अनफिट सांगितलं. उत्तर आलं, "एक ट्रिप होऊ द्या. ऑर्डर आहे."

त्या ट्रिपवरून बालाजी परतला नाही. घाट उतरताना ब्रेक लागले नाहीत. घरी कळवलं, बर्फावरून गाडी घसरली. चौकशीत मी कॉकचं सांगितलं. ऐकून घेतलं, एवढंच. दोनदा रंग द्यायला त्यांच्याकडे वेळ होता. एक कॉक बदलायला नव्हता. याचा संताप मला अजून येतो.

यंदा बालाजीच्या धाकट्या भावानं, गोविंदनं, लिलावातून त्याच मॉडेलचा जुना ट्रक घेतला. ऊस आणि विटा वाहायला. नांदेडला गौसभाई मिस्त्रींच्या गॅरेजात तो नव्यानं बांधायला टाकला आणि मला बघायला बोलावलं.

गौसभाईंनी मूळ इंजिन ठेवलं होतं, गिअरबॉक्सही. ते बघून बरं वाटलं. चांगलं चालणारं लोखंड उगाच कोण बदलतं? मग मी खाली वाकलो. जुनी टाकी, जुना कॉक, ब्रेकची तीच एकेरी लाइन. सगळं घासून, रंगवून चकाचक.

"हे बदला," मी म्हणालो.

"काय फौजी, कॉलेजात आता ब्रेक शिकवून राहिले का?" गौसभाई हसले. "आपल्याकडं बरफ कुठं पडतो मियाँ?"

"बर्फ नाही, पण पाण्यानं व्हॉल्व्ह गंजतात. आणि लाइन एकच. एक पाइप फुटला की सगळी चाकं मोकळी. मागं उसाचा लोड असताना काय करायचं?"

"मी कवाच म्हणलो, डबल लाइन टाकू. मालक न्हाई म्हणतो."

"दादानं चालवली तशीच पाहिजे मला," गोविंद म्हणाला. "एक बोल्टबी नवा नको. दादाची आठवण हाय ती."

मला राग आवरला नाही. "तशीच? अरे, तशीच ठेवली म्हणून तर तो गेला!"

गोविंद बघत राहिला. "गाडी घसरली न्हवं?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. रंग, कॉक, ऑर्डर. बालाजीचा ट्रक कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, शेवटी होता, म्हणून त्याच्याकडे रेडिओ सेट होता. त्याचं शेवटचं बोलणं मी दुसऱ्या सेटवर माझ्या कानांनी ऐकलं होतं, तेही सांगितलं.

"ब्रेक नाहीत. पुढची गाडी, बाजू द्या."

"बाजूला जागा नाही. हँडब्रेक ओढ."

"ओढला. थांबत नाही. मी गाडी खाली दरीत घालतोय. तुम्ही चालत राहा."

गौसभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. गोविंद ट्रकच्या चाकाला हात लावून उभा होता.

"पुढच्या गाडीत कोण व्हतं?" त्यानं विचारलं.

"आम्ही. मी आणि रजेवर निघालेली पोरं."

त्यानं चाकावरचा हात काढला. मग गौसभाईंकडे वळला. "खोला चाचा. ब्रेक सगळे नवे बसवा."

लोक मला विचारतात, त्या दिवशी घाटात काय झालं. आम्ही सगळे धडधाकट खाली उतरलो. एकच माणूस गेला. नायक बालाजी, राहणार जळकोट. मूळ रूपातली गाडी त्याला कधीच नको होती. त्याला दाबले की लागतील असे ब्रेक हवे होते, आणि ते त्यानं वेळेवर मागितले होते.