आमच्या नळाचं पाणी

हरण्याचा मला राग नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात अजूनही सगळ्यांना वाटतं की फुटबॉलचा क्लब हरत होता म्हणून मी त्या वर्षी चिडचिडी झाले होते. नवरा तर आलेल्या-गेलेल्याला सांगायचा, "हिचा मूड लीग टेबल बघून ठरतो." हरणं मी लहानपणापासून पाहिलंय. नागपुरात बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून कामठीपर्यंत मॅच बघायला न्यायचे आणि बाबांची टीम हटकून हरायची. परत येताना ते गप्प असायचे, घरी आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसायचे, विषय संपला. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. नवरा पुण्याचा, मी नागपूरची, दोघंही इंग्लंडात, रीडिंग शहरातल्या ऑफिसांमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला. मेडनहेडच्या अलीकडे एका लहान गावात आम्ही घर घेतलं. परसाची विटांची भिंत संपली की लगेच गावच्या फुटबॉल क्लबचं मैदान होतं, आणि एक गोलपोस्ट भिंतीपासून जेमतेम दहा-बारा पावलांवर. नवऱ्याला शनिवारचा गोंगाट नको होता. मी मात्र तिथेच ठरवून टाकलं की घर घ्यायचं तर हेच.

क्लब फार जुना होता. किती जुना, हे तिथला प्रत्येक माणूस ओळख झाल्या झाल्या सांगायचा. इंग्लंडात फुटबॉलचे नियम धड ठरले नव्हते तेव्हापासून म्हणे हे खेळत होते. बारमध्ये मिशीवाल्या, गुडघ्याखालपर्यंत येणाऱ्या चड्ड्या घातलेल्या अकरा जणांचा फोटो टांगलेला होता, आणि त्याच्याखाली बसून बिअर पिणाऱ्या कमिटीच्या मंडळींना चालू वर्षीच्या स्ट्रायकरचं नाव आठवायचं नाही. मला हे काही नवीन नव्हतं. पाटीवर स्थापनेचं साल ठळक आणि काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलायला कोणी नाही, अशी दुकानं मी लग्नानंतर सासरच्या गावी भरपूर पाहिली होती.

तरी मी त्या क्लबात गुंतले. आधी नुसती बघायला जायची, मग चहाच्या टपरीत मदतीला उभी राहायला लागले, आणि मग मॅच संपल्यावर गार्डन फोर्क घेऊन मैदानावर. बुटांनी उखडलेले गवताचे तुकडे परत जागेवर बसवायचे, फोर्क खुपसून माती मोकळी करायची, म्हणजे पाणी खाली उतरतं. हे काम करायला आम्ही चार-पाच जणच असायचो. त्यातल्या कोणीही मला तू कुठून आलीस, किती वर्षं झाली, परत कधी जाणार, असं विचारलं नाही. मला ते फार बरं वाटायचं.

त्या मोसमात आम्ही ऑगस्टपासून हरायला सुरुवात केली. गोलकीपर पोस्टमन होता आणि रोज पहाटे उठत असल्यामुळे सेकंड हाफमध्ये त्याला जांभया यायच्या. मिडफिल्डमधले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नाताळपर्यंत आम्ही तळाला. शेवटचे दोन क्लब खालच्या लीगमध्ये उतरणार होते, आणि उतरलो असतो तर बरेच खेळाडू दुसरीकडे गेले असते, उरलेल्यांत क्लब परत वर यायची काही आशा नव्हती. टपरीत, मैदानावर, आम्हा चार-पाच जणांचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर यायचं. टिकायचं. बाकी काही नको, या लीगमध्ये टिकायचं.

मार्चमध्ये तशी एक संधी आली. तोवर आम्ही तळापासून दुसऱ्या जागेवर आलो होतो, आणि आमच्यापेक्षा एकच जागा वर असलेला क्लब आमच्या मैदानावर येणार होता. जिंकलो की आम्ही वर, ते खाली, इतकं सरळ. नेमका तो आठवडाभर पाऊस पडला आणि नेमके आमचे तिघं गैरहजर. एकावर बंदी, एकाला फ्लू आणि तिसऱ्याच्या बहिणीचं लग्न. कमिटीचे चेहरे पडले होते. आम्ही फोर्कवाले मात्र शनिवारी उजाडताच मैदानावर हजर झालो. भिंतीजवळच्या गोलपुढे चिखल होता. फोर्क खुपसले, वाळू टाकली, स्पंजने पाणी टिपून बादल्या भरल्या. साडेदहाच्या सुमारास मी बॉल टाकून पाहिला तर तो गुडघ्यापर्यंत उसळला. बारा वाजता रेफरी मैदान तपासणार होता. बाकीचे क्लबहाउसमध्ये बेकन रोल खायला गेले आणि मी टपरीसाठी पाव आणायला दुकानात गेले.

परत आले तेव्हा भिंतीजवळच्या गोलपुढे तळं झालं होतं.

रेफरीने बॉल टाकला, तो जिथे पडला तिथेच बसला. मॅच रद्द. तोवर समोरच्या टीमची बस दोन-अडीच तासांचा प्रवास करून दारात येऊन उभी राहिली होती. त्यांच्याबरोबर त्यांच्या क्लबची चहा करणारी एक वयस्कर बाईही होती. मी सगळ्यांना चहा दिला, आणलेले पाव दिले. ती माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघून म्हणाली, "सकाळपासून राबलीस वाटतं, लव्ह. पावसापुढे कोणाचं काय चालणार?" मी हो म्हणाले. पाऊस काल दुपारपासून थांबलाय, हे डोक्यात टोचत होतं, पण मला वाटलं जमिनीखालचा एखादा जुना पाइप फुटला असेल.

घरी आले. सासूबाई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पुण्याच्या पाहुणचारावर मी त्यांच्यादेखत पुष्कळ विनोद केलेत, "चहा घेऊनच आला असाल" वगैरे, आणि त्या हसून सोडून द्यायच्या. त्या दिवशी त्या मोठ्या खुशीत होत्या.

"तुमच्या क्लबचे ते टायवाले आजोबा आले होते," त्या म्हणाल्या. "त्यांना मागच्या नळाचं पाणी हवं होतं, खुणेनेच सांगितलं. नळी घेऊनच आले होते. मी म्हटलं, घ्या. चहासुद्धा केला त्यांना. पुणेकर काही देत नाहीत म्हणतेस ना?"

टायवाले आजोबा म्हणजे क्लबचे सेक्रेटरी. सत्तरीचा, शिडशिडीत, गोडबोल्या माणूस. माझ्या चहाला दर शनिवारी "लव्हली" म्हणणारा. मी मागच्या दाराने पळतच गेले. भिंतीवर रिकामा कप होता, आणि नळापासून भिंतीपर्यंत ओल्या मातीत नळीची वळवळती रेघ.

"आई, पाणी कशाला हवंय हे विचारलं नाही तुम्ही? आठवडाभर पाऊस पडून राहिला, मैदानाला पाणी कोण घालते?"

"मी कशाला विचारू? दारात येऊन माणसाने पाणी मागितलं. पाणी मागणाऱ्याला कोणी कारण विचारतं का?"

आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा पाणी नाकारत नाहीत, हे मलाही माहीत होतं. माझ्या आईनेही तेच केलं असतं. क्लबच्या दारातला नळ सगळ्यांना दिसतो, म्हणून त्या माणसाने आमचा नळ निवडला, आणि मी दुकानात गेल्याचं बघून बेल वाजवली. माझं डोकंच फिरलं.

मी तशीच बाहेर पडले. रेफरी गाडीत बसत होता. त्याला सगळं सांगितलं. नळ, नळी, कप. त्याने ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, एवढंच मी बघतो. पाणी कुठून आलं ते माझं काम नाही." आणि काच वर केली. तक्रार करायची तर क्लबच्या सेक्रेटरीमार्फत करा, हे काच पूर्ण वर जायच्या आत सांगायला तो विसरला नाही.

सेक्रेटरी बारमध्ये, त्या मिशीवाल्यांच्या फोटोखाली बसला होता. मी सगळ्यांसमोर विचारलं. तो जराही कचरला नाही.

"माय डिअर, हे सगळेच करतात," तो म्हणाला. "पूर्वीपासून करतात. आठ धडधाकट माणसं घेऊन आज आपण हरलो असतो. आता एप्रिलमध्ये एखाद्या मंगळवारी खेळू, पूर्ण टीम घेऊन. तुम्हालाच तर टिकायचं होतं ना?"

मी म्हणाले, "माझ्या सासूला फसवून?"

"फसवलं कुठे? मी पाणी मागितलं, त्यांनी दिलं. फार गोड बाई आहेत." मग हलक्या आवाजात, "आणि नळ तुमचा होता, हे गावभर सांगत फिरण्यात तुमचाही काही फायदा नाही."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी आजूबाजूला पाहिलं. माझ्याबरोबर सकाळपासून वाळू ओढणारे दोघं तिथेच होते. एकाने ग्लासात पाहिलं. दुसरा म्हणाला, "वाईट झालं, पण आता काय करणार?" दोघांच्या हातांवर अजून चिखल होता. मला त्या दोघांचा सेक्रेटरीपेक्षा जास्त राग आला, आणि तो मी तोंडावर बोलून दाखवला. इंग्रजीत जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या, कमी पडल्या तेव्हा नागपूरच्या दिल्या. भांडण अंगावर घ्यायची त्यांची तयारीच नव्हती, आणि ओरडणारी मी एकटीच वेडी दिसत होते.

घरी नवरा म्हणाला, "लेट इट गो ना. आपलं काय जातंय? व्हॉलंटियर आहेस तू, बोर्डवर नाहीस."

"तुझ्या आईले उल्लू बनवलं त्याने, अन् तू मले शांत व्हायला सांगून राहिला?"

"अगं, आईला कळलंसुद्धा नाहीये."

ते मात्र मी होऊ दिलं नाही. मी सासूबाईंना समोर बसवलं आणि पाणी कशासाठी नेलं, बसमधले लोक कसे न खेळताच परत गेले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. नंतर बराच वेळ त्या कोथिंबीर निवडत बसल्या, आणि निवडून झालेलीच पुन्हा निवडली. "कारण मी विचारायचं नसतं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण खोटं काम असेल तर त्याने मागायचं नसतं." त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. याचा हिशेब कुठल्या लीग टेबलात लागतो, ते मला कोणीतरी सांगावं.

राहिलेली मॅच एप्रिलमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी ठरली. मी जाणार नव्हते. चहाच्या टपरीची किल्ली मी केव्हाच परत दिली होती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानावरचे दिवे दिसतात, आवाज तर येतोच. पोळ्या करताना माझ्या हातून दोन करपल्या. शेवटी मी चप्पल घातली आणि गेले, नुसतं बघून येते म्हणून.

समोरची टीम कामावरून थेट आलेली होती. त्यांचे काही जण सुट्टी न मिळाल्यामुळे येऊच शकले नव्हते, बदली खेळाडू एकच. ती चहावाली बाई आली नव्हती. त्यांनी आधी गोल केला आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, हीच शिक्षा योग्य आहे. मग आमचा एक झाला. मी हात खिशातच ठेवले. मॅच संपत आली तेव्हा ते पार थकले होते, त्यांचा एक डिफेंडर पायात गोळे येऊन खाली बसला होता, आणि बहिणीच्या लग्नाला गेलेल्या आमच्या खेळाडूने, जो मार्चमध्ये नव्हता त्यानेच, भिंतीजवळच्या गोलमध्ये बॉल मारला.

आम्ही टिकलो. पुढच्या दोन शनिवारी ते आणखी पक्कं झालं. ते लोक खाली उतरले.

मोसम संपल्यावर एका रविवारी सेक्रेटरी फुलं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. टाय होताच. सासूबाईंसाठी आणली होती. क्लब टिकण्यात त्यांचाही हात आहे, असं तो हसत म्हणाला. सासूबाई दारात आल्या. त्यांनी फुलांना हात लावला नाही.

"त्याला सांग," त्या मला म्हणाल्या, "मी पाणी दिलं ते त्याला खरीच गरज आहे असं समजून. फुलं त्या बसमधल्या लोकांना नेऊन दे म्हणावं."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं, जरा चव घेऊनच. त्याचं हसू तसंच राहिलं. "लव्हली," तो म्हणाला, फुलं पायरीवर ठेवली आणि गेला. मी ती उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात कोंबली.

"बरं बोललात, आई," मी आत येऊन म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला होतो.

त्या सिंकपाशी हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्याचं सोड गं. त्या मंगळवारी तो शेवटचा गोल झाला ना, तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा तूच ओरडलीस. मी इथे उभी होते. तुझा आवाज मला ओळखता येतो."

त्यांनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. सेक्रेटरीचा, रेफरीचा, ग्लासात बघणाऱ्या त्या माणसाचा आला नव्हता इतका राग मला त्या क्षणी सासूबाईंचा आला. मी खरंच ओरडले होते. दोन्ही हात वर करून, घसा बसेपर्यंत, आणि तेव्हा ती बस माझ्या मनातसुद्धा नव्हती.