रेघेखालची जागा

नरखेडकडच्या एका बागायतदारांना संत्र्याच्या सरबतासाठी लोगो हवा होता, आणि त्यात नाव जुन्या मोडी लिपीत. काल धरमपेठेतल्या माझ्या ऑफिसात मी त्यांना एकेक मोडी फॉन्ट दाखवत होते. प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊनच येत होतं. हातानं मोडी लिहिणारे असं करत नाहीत. आधी कागदभर रेघ ओढायची, मग अक्षरं तिच्याखाली. माझे बाबा असंच लिहायचे. म्हणून मीही स्क्रीनवर आधी एक लांब रेघ ओढली, तिच्याखाली नाव मांडलं, आणि हुडकेश्वरच्या घरातली ती दुपार समोर उभी राहिली.

अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली होती. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता. त्यांनी खुणेनं कागद मागितला. डाव्या हातानं या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली आणि दमून डोळे मिटले.

"लिहा न, काय पाहिजे तुम्हाले?" आई त्यांच्या कानाशी वाकून विचारत राहिली.

ते पुन्हा जागे झाले नाहीत.

तेव्हा वाटलं, हात भरकटला असेल. आता तसं वाटत नाही. नुसतं पाणी मागायला कोणी एवढी लांब रेघ ओढत नाही.

"ताई," स्क्रीनकडे बघत बागायतदार म्हणाले, "नाव तं इथंच संपलं. रेघ पुढं काहून गेली? खाली तं काहीच नाही."

उरलेली रेघ पुसायला मी हात उचलला. तो तिथंच राहिला.