न मोजलेला सोमवार

शनिवारी सकाळी शहापूरच्या स्टँडवर आमच्या मालकांनी (नवऱ्याने) मला मुरबाडच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून पिशवी आत दिली. "तिथं बोलशील ना?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. धसईच्या पुढे डोंगराखालच्या एका वाडीत बायांच्या गटाची भेंडी बिघडत होती. त्यांना सल्ला द्यायला आमच्या गटाने मला निवडलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चारचौघांत मला तोंड उघडवत नाही. पण भेंडीच्या बाबतीत मला कोणाचं भय नाही. लग्न झाल्यापासून तीच लावते आहे.

मुरबाडला घोळ झाला. विचारायची लाज वाटली म्हणून गर्दी चढली त्याच गाडीत मीही चढले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही वैशाखऱ्याला जाते. धसईची मागं लागलीय, पळा!" सगळी गाडी हसली. मीही हसत उतरले आणि पळाले.

धसईच्या बाजारात चहा घेतला आणि जीपमध्ये बसले. भातकापणी होऊन गेली होती. खाचरं कोरडी पडलेली, मध्येच एखादा भेंडीचा हिरवा तुकडा, आणि दूर सिद्धगड निळा दिसत होता. वाडीजवळ गटाची प्रमुख चांगुणा वाट बघत उभी होती. मी उतरले तरी ती माझ्या मागे जीपमध्येच बघत राहिली.

"म्याडम कुठं हायत?"

"मीच आले."

तिच्या शेजारची हौसा फटकन बोलली, "गो चांगुणा, ही तर आपल्यासारखीच! मागच्या टायमाला शेतीखात्याचा साहेब आलता, त्याच्याकडं छापील कागद तरी होता."

"गप गो, पानी तरी दे त्यांना," चांगुणा म्हणाली.

शेताकडे जाताना तिने सगळं सांगितलं. व्यापाऱ्याने शेवटचं बजावलं होतं. आणखी एकदा माल निबर (जून, चिवट) निघाला, तर त्याचा टेम्पो वाडीत येणार नाही. टेम्पो बंद म्हणजे बाया पोराबाळांसकट गाव सोडून पुन्हा वीटभट्टीवर. भेंडीमुळेच चांगुणाची मुलगी गेल्या साली पहिल्यांदा वर्षभर एका शाळेत बसली होती.

झाडं बघितली. पानं तजेलदार, पाणी बेताचं. सकाळीच तोडलेली भेंडी पाटीत होती, तीही कोवळी.

"मग बिघडते कधी?"

"मंगळवारी," चांगुणा म्हणाली. "मंगळवार आमाला धार्जिणा नाय. साहेब बोलला बियानं बदला, आमी बदललं. खतबी बदललं. मंगळवार तसाच."

"तोडा (तोडणी) कसा करता?"

"दिवसाआड. साहेबानं सांगितला तसाच."

आम्हीही दिवसाआडच तोडतो. मला काही सुचेना. उगाच काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण मी म्हटलं, "आत्ता मला कळत नाही. दोन-तीन दिवस राहते."

"बरा हाय सल्ला!" हौसा म्हणाली.

दिवस मावळताना चांगुणाच्या चुलीपाशी बसून मी त्यांच्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. वालाचं बिरडं होतं. "भेंडी करू काय पावनीला?" हौसाने विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. हात कामात असले की मला बोलायला जड जात नाही. मी सहज म्हटलं, "आता तोडा सोमवारी. तेव्हा मीही येते."

"सोमवारी नाय गो," चांगुणा म्हणाली. "सोमवार देवाचा वार. झाडाला हात लावत नाय आमी. मंगळवारी."

"पण शनिवार ते मंगळवार दिवसाआड कसं होईल?"

"सोमवार आमी मोजतच नाय ना!"

माझा हात परातीतच थांबला. माणसं सोमवार मोजत नव्हती. भेंडी मोजत होती. साहेबांनी विचारलं नाही, आणि सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट बायांनी सांगितली नाही.

सोमवार मोडा, असं मी म्हटलं नाही. तो माझा नव्हता मोडायला. मी एवढंच विचारलं, "मग सोमवारी झाडावर काय होत असेल?"

चुलीत लाकूड सारता सारता चांगुणा म्हणाली, "वाढत असंल."

"मंग उद्या रविवारीच तोडाया पायजे," हौसा म्हणाली, आणि लगेच तिलाच ते पटेना. "पन आजच तोडलीय. उद्या एवढुशा पोरी तोडायच्या?"

"बोटाएवढ्या झाल्यात तेवढ्याच," मी म्हटलं. "ठेवल्या तर मंगळवारी म्हाताऱ्या होतील."

रविवारी दुपारी उन्हं कलल्यावर तोडलं. दोन पाट्याच भरल्या. त्या घेऊन दोघी बाया धसईच्या बाजारात गेल्या. सोमवारी शेतात कोणी गेलं नाही, मीही नाही.

मंगळवारी पहाटेच तोडा झाला आणि टेम्पो आला. व्यापाऱ्याने पाटीच्या तळातून भेंडी काढून अंगठ्याने शेंडा मोडला. कट्. दुसरी, तिसरी, सगळ्या कट्. चांगुणा पदराचं टोक धरून उभी होती. "भरा," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कोणी शिकवलं?"

चांगुणा ताठ झाली. "कोन शिकवनार? आमचं आमालाच समजलं."

मी मागे पाटीला हात देत होते. हौसाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. चांगुणाचं बोलणं आठवून मला पुन्हापुन्हा हसू येत होतं. सल्ला देणाऱ्याला याहून चांगली पावती कुठली? पुढच्या रविवारी मी शहापूरला असेन. वाडीत पाटी कमरेला लावून शेतात त्यांनाच उतरायचं आहे.