मंगलला चाळायला दिलेला मका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, कानबाईपुढे हात जोडतानाही नाही. देवीला कुठल्या तोंडानं सांगू? तिच्याच गाण्यांपायी तर सगळं झालं.

मंगल माझी धाकटी जाऊ. ती येण्याआधी भडगावात आमच्या गल्लीत कानबाईची गाणी मी सांगायची, बाया मागून म्हणायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात तिनं गायला तोंड उघडलं आणि — काय सांगू? सासूबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या पावसाळ्यात मागच्या खोलीतला मका भिजला. हिरवीकाळी बुरशी चढली. दार उघडलं की भुकटी उडायची, दोन मिनिटांत माझा घसा धरायचा. सासूबाई म्हणाल्या, खड्ड्यात टाका. मी मंगलला म्हटलं, चाळून घे, कोंबड्यांना होईल. तिला दमा आहे हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. तिचा घसा बसावा, एवढंच मनात होतं — एका कानबाईच्या सणापुरता. दोन दुपारी ती त्या खोलीत चाळत बसली.

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. तिचा खोकला हटेना, थुंकीत रक्त आलं. जळगावच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "बुरशी लागलेलं धान्य वगैरे उपसलं का यांनी?" मंगल एक्स-रेला आत गेली होती. उत्तर मीच द्यायचं होतं.

"नाही हो," मी म्हटलं.

टीबी समजून कित्येक महिने गोळ्या चालल्या. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसात बुरशी आहे. तोवर एक बाजू पार खराब झाली होती.

आता दोन ओळी म्हटल्या की तिला धाप लागते. गाणी पुन्हा मीच सांगते. तरी कुणी म्हटलं, "मंगलची सर नाही," की आजही माझ्या पोटात दुखतं. तिचं गाणं गेलं, तरी माझं दुखतंच.

यंदा कानबाईपुढे ती माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अक्का, तुमीच म्हना. मना दम पुरत नही. तुमना आवाज गोड शे."

मी म्हटलं. अख्खं गाणं म्हटलं. आणि म्हणताना मला बरं वाटत होतं.