शालूबाईंचे वेगळे पातेले

वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या शिवारात माघ-फाल्गुनात हळद शिजू लागते, आणि त्याच दिवसांत लग्नतिथींचीही दाटी होते. गावाबाहेर शालूबाईंचे मंगल कार्यालय आहे. मांडव, वीज, पाणी हे पती तातेराव पाहतात. स्वयंपाकघरात मात्र शालूबाईंचा शब्द अखेरचा. अन्नाविषयी इतकी जागती पूज्यबुद्धी असलेली व्यक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

आपल्याकडे पंगत उठताना पातेल्याचा तळ दिसला, तर यजमानाला सोयऱ्यांचे टोमणे जन्मभर ऐकावे लागतात. म्हणून प्रत्येक लग्नात गरजेहून अधिक शिजते, आणि उरलेले कार्यालयामागच्या खड्ड्यात जाते. सुग्रास अन्नावर माती लोटली जाताना शालूबाई तिकडे पाठ करून उभ्या राहत.

अखेर एके दिवशी त्यांनी वरणभाताची पातेली हळदीच्या मजुरांच्या तळावर नेली. तळाचा नाईक थावरा पुढे आला.

“कुठलं हाय हे, बाई?”

“लग्नातलं. गरम हाय अजून.”

“मंग न्या माघारी. आमी हळद शिजवाया आलो, लोकांचं उष्टं खाया न्हाई.”

पातेली तशीच परतली. शालूबाईंना प्रथम राग आला. घरी पोहोचेतो तो ओसरला आणि विचार उरला. पंगतीत वाढप्यांच्या बादल्या पानांवरून फिरतात, पळी कोणाच्या वाटीला टेकते, कोणाच्या हाताला लागते. आणि शेवटी अर्धी राहिलेली बादली मोठ्या पातेल्यात रिती होते. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेले. थावराचा शब्द कठोर होता, परंतु असत्य नव्हता. त्या क्षणापासून एकच ध्यास त्यांनी घेतला: याच नाईकाने आपले अन्न मानाने स्वीकारले पाहिजे.

वसमतच्या साधनाताई शिलकी अन्न वाटणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेचे काम पाहतात. शालूबाईंनी त्यांना गाठले. व्यावसायिकाने उरलेले अन्न दान करायचे तर कोणते सरकारी नियम पाळावे लागतात, हे ताईंनी समजावले. जे वापरात आलेच नाही आणि खाण्यास सुरक्षित आहे, तेच द्यायचे. ते वेगळे, झाकलेले आणि पुरेसे गरम ठेवायचे. भांड्यावर पदार्थाचे नाव, देणाऱ्याचा पत्ता, केव्हा शिजले आणि केव्हापर्यंत खावे, हे लिहायचे. ते विक्रीसाठी नाही, हेही लिहायचे.

शालूबाई ऐकता ऐकता हसू लागल्या. “म्हंजे सरकार बी थावरासारखंच बोलून राहिलं की!”

पुढच्या लग्नात पंगत बसण्यापूर्वीच भात, भाजी आणि वरण यांची वेगळी पातेली भरून, झाकून, मंद आचेवर ठेवण्यात आली. आचारी भागवत कुरकुरला, “वहिनी, पाव्हण्यांच्या आधी मजुरांचं काढायलात?”

“काढून ठेवायली, भाऊजी. पंगतीला कमी पडलं तर हेच आधी पंगतीत जाईल. पण पंगतीतलं ह्याच्यात येणार न्हाई.”

थावरालाही त्यांनी निरोप धाडला होता, “या आन् डोळ्यानं बघा.” तो अन्न न्यायला आलेल्या साधनाताईंच्या गाडीपाशी हातांची घडी घालून उभा राहिला.

पंगत उठली. वाढायला नवरीचे मामा विश्वंभर होते. आपल्या घरच्या कार्यात भाड्याचे वाढपी कशाला, असा त्यांचा अभिमान. त्यांच्या बादलीत वरण उरले होते. अन्न वाया जाऊ नये या सद्भावनेनेच त्यांनी जवळचे झाकण उचलले आणि बादली त्या वेगळ्या पातेल्यात उपडी केली.

“मामा!” शालूबाई धावल्या, पण उशीर झाला होता.

“काय झालं? वरणात वरणच तर टाकलं.”

भागवत हळूच म्हणाला, “ढवळून देतो, वहिनी. थावरा तिकडं हाय. त्याला काय कळतंय?”

शालूबाई क्षणभर त्या पिवळ्याधमक वरणाकडे पाहत राहिल्या. खड्ड्यापासून वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच आता हातचे जात होते. मग त्यांनी पदर खोचला. “हे पातेलं गाडीत चढणार न्हाई. गोठ्यात जनावरांना न्या.” आणि कोणी काही बोलण्याआधी त्या थेट थावरापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“नाईक, वरणात पंगतीतली बादली पडली. ते देत न्हाई. भात आन् भाजी बराबर हाय, कुणाचा हात लागला न्हाई. घ्यायचं का न्हाई, तुमी सांगा.”

थावराने त्यांच्याकडे पाहिले, मग गोठ्याकडे निघालेल्या पातेल्याकडे.

“सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?”

“न्हाई.”

थावराने हातांची घडी सोडली. “कोरडा भात खाऊ घालता व्हय, बाई?” तो मिश्किलपणे म्हणाला. “ऱ्हाऊ द्या. आमच्या बाया आमटी करतेत. पण तुमाला बी आमच्यात बसावं लागंल. पाहू द्या लोकांला, कोण कुणाचं खातंय ते!”

भाताचे पातेले गाडीत चढवायला त्याने स्वतः हात लावला.

तळावर, हळदीच्या वाळत्या राशींच्या कडेने पंगत बसली. कार्यालयाचा भात आणि भाजी, तळावरची झणझणीत आमटी. दाता कोण आणि अतिथी कोण, हे त्या पंगतीत कोणाला ओळखता आले नसते. शालूबाईंना थावराच्या घरच्या बाईने आग्रह करकरून वाढले. पहिल्याच घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाने, असे त्या आजही सांगतात.

पत्रावळ उचलताना थावराने सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, “बाई, पुढलं लगीन कवा हाय?”

“परवाच!” शालूबाई म्हणाल्या, आणि तळावर हशा पिकला.