ताईच्या कम्प्युटरचा जीव

मी तसा भित्रा माणूस नाही. सौंसरच्या शाळेत मुलांना कम्प्युटर शिकवतो. उघडणं-जोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण त्या रविवारी पांढुर्ण्यात ताईच्या घरी माझी पाचावर धारण बसली.

ताई लग्नपत्रिका करते. तिचा कम्प्युटर जुना पण दणकट, नागपूरच्या कोण्या ऑफिसातून मोडीत निघालेला. त्याच्या सुरुवातीच्या सेटिंगला पासवर्ड, आणि तो कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळं नवी सिस्टीम टाकता येईना, आणि जुनी तर सारखी अडकायची. तिचं पोट त्याच डब्यावर. दुसरा घ्यायची ऐपत नाही.

मीच शेखी मिरवली होती. "ताई, बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होते तो प्रोग्राम कंपनीचा हाय. तो पुसून मी खुला, फुकटवाला टाकतो. कुलूपच राहणार नाही."

हा प्रोग्राम बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये असतो. तिच्या आठ पायांना चिमटा लावायचा, तो लॅपटॉपला जोडायचा आणि आधी जुन्याची प्रत काढायची. एकदा नाही, दोनदा. दोन्ही जुळल्या तरच पुढं जायचं. माझ्या जुळल्या, अगदी तंतोतंत. मी नवा प्रोग्राम लिहिला, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच.

"काय झालं रे?" ताई मागून बोलली.

"काही नाही. थांब ना जराशी!" मी उगाच खेकसलो.

जुना परत टाकावा म्हणून प्रत उघडली, तर बाप रे! सगळी कोरी. चिमटा कधी टेकत होता, कधी नाही. दोन कोऱ्या वह्या जुळणारच की! जुना पुसला गेला होता, नवा अर्धवट पडला होता आणि परतायची वाट मीच बंद केली होती. ताईच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना. तीन घरच्या पत्रिका अडल्या होत्या.

टॉर्च मारून चिपकडं नीट पाहिलं. ज्याला मी घाईत धूळ समजलो होतो, तो पायांवर वाळलेला, काळपट लाल थर होता. मी भडकलो. "कोण्या शहाण्यानं इथं कुंकू लावलं?"

"मीनं," ताई हळूच म्हणाली. "मागं तूच उघडून दाखोलं होतं ना, याचा जीव इथं हाय म्हून. मंग दसऱ्याले हळद-कुंकू जिवालेच लावलं. चुकलं का रे?"

तिनं माझाच शब्द पाळला होता.

स्पिरिट आणि जुन्या ब्रशनं एकेक पाय घासला. चिमटा दोनदा सुटला. पुन्हा लिहिलं, पुन्हा ताडून पाहिलं. बटण दाबायला बोट जाईना. शेवटी ताईनंच दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. ताई डोळे पुसत हसली आणि मी तिथंच खाली बसलो.

यंदा दसऱ्याला तिचा फोन आला. "भिऊ नको बाप्पा, डब्याले बाहेरूनच लावून राहिली. आतमधी हात नाही घातला." मग म्हणाली, "पण सांग ना रे, जिवालेच पोचते ना?"